क्रिप्टोकरन्सी : गुंतवणूक की फसवणूक?

(मंडळाच्या श्रावणातल्या कौटुंबिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



हा विषय आम्ही मागून घेतलेला नाही, कार्यकारिणीने आमच्या गळ्यात घातला. आम्ही म्हणजे शासकीय खात्यांतले आम्ही चार-पाच डिप्लोमावाले, दुपारी एकत्र बसून डबा खाणारे. अर्थशास्त्राची पदवी आमच्यापैकी कोणाकडेही नाही. रस्त्याचं माप घ्यायचं, नोंद करायची, ठेकेदाराचं बिल तपासायचं, एवढीच आमची विद्या. पण गेली दोन वर्षं लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवात, बारशातसुद्धा हा 'कॉइन' निघतो. कोणाचा भाचा इंदूरहून फोन करतो, कोणाचे व्याही जळगावहून. आणि शेवटी तेच वाक्य येतं, ते मात्र हिंदीतच येतं : "भैया, डबल हो जाएगा." म्हणून आम्ही वाचलं, चार जाणत्यांना विचारलं आणि हिशोब मांडून पाहिला.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गुंतवणूक की फसवणूक, हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. नाणं कसं आहे, हा पहिला. आणि त्या नाण्यासाठी तुम्ही पैसे कोणाच्या हातात देताय, हा दुसरा. आपल्याकडची माणसं बुडतात ती बहुतेक दुसऱ्या प्रश्नावर, आणि वाद घालत बसतात पहिल्यावर.

आधी नाण्याचं बघू. बऱ्हाणपूरकरांना नाणं काय असतं हे शिकवायला नको. मोगलांची टांकसाळ आपल्या गावात होती, इथे पाडलेले चांदीचे रुपये आजही संग्रहालयांत आहेत. त्या काळी सराफ नाणं वाजवून घ्यायचा, वजन करायचा, जुन्या सालाच्या रुपयाला बट्टा लावायचा. रुपयाची किंमत त्याच्या चांदीत होती. पुढे कागदी नोट आली, तिची किंमत सरकारच्या शब्दात. बिटकॉइनमागे चांदीही नाही आणि सरकारचा शब्दही नाही. 2008 च्या ऑक्टोबरात सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी त्याचा आराखडा मांडला, जानेवारी 2009 मध्ये ते सुरू झालं. हा सातोशी एक माणूस की पाच, ते आजवर उघड झालेलं नाही. त्याने जे बनवलं ती खरं म्हणजे एक वही आहे.

आमच्या खात्यात एक वही असते, तिला एम.बी. म्हणतात, माप पुस्तिका. पानांवर छापील क्रमांक. पान फाडायचं नाही, खोडरबर चालवायचं नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून सही करायची, म्हणजे चूकसुद्धा दिसत राहते. बिटकॉइनची वही अशीच आहे, फक्त तिची प्रत एका हापिसात नसून जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांत आहे. एका प्रतीत कोणी गडबड केली तर बाकीच्या प्रती ती मान्य करत नाहीत. नवी नोंद घालण्याचं काम जे मशीन जिंकेल त्याला थोडी नवी नाणी मिळतात, त्याला 'मायनिंग' म्हणतात. आणि एकूण 2 कोटी 10 लाखांपेक्षा जास्त बिटकॉइन कधी निघणार नाहीत, असा नियम त्यातच बांधलेला आहे. डिप्लोमावाला माणूस म्हणून आम्हाला हे काम आवडलं. बनवणाऱ्याचं डोकं मानलंच पाहिजे.

पण एम.बी.बद्दल एक गोष्ट आमच्या खात्यात प्रत्येकाला माहीत असते. वहीत नोंद बरोबर आहे, एवढ्यावरून जमिनीवर रस्ता आहे हे सिद्ध होत नाही. वही फक्त सांगते की अमक्याकडून तमक्याकडे गेलं. का गेलं, फसवून गेलं का, हे ती सांगत नाही. आणि गेलेलं परत आणत तर नाहीच.

दुसरं असं की बिटकॉइन हे एक नाणं झालं. त्याच्या नावावर हजारो नाणी निघाली. असं नाणं काढायला फार खर्च लागत नाही, जाणकार मुलगा दुपारी बसला तर संध्याकाळच्या आरतीपर्यंत काढून देईल. आपल्या मंडळालाही उद्या 'मोदक कॉइन' काढता येईल. घेणार कोण, एवढाच प्रश्न. (कोषाध्यक्ष हसताहेत, पण त्यांनी हे मनावर घेऊ नये.)

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि इथे थोडा वेळ घेतो. महाराष्ट्रात ज्या क्रिप्टो प्रकरणाने सर्वांत जास्त घरं पोळली ते 'गेनबिटकॉइन'. अमित भारद्वाज नावाच्या माणसाने 2015 च्या सुमारास ही योजना सुरू केली. बोली अशी : तुम्ही बिटकॉइन विकत घ्या आणि आमच्याकडे द्या. आम्ही मोठमोठी मशीनं लावून मायनिंग करतो, तुम्हाला दरमहा 10 टक्के देऊ, 18 महिने. म्हणजे एक नाणं दिलं की दीड वर्षात 1.8 नाणी परत. शिवाय तुम्ही आणखी माणसं आणली तर त्यांच्यावर कमिशन वेगळं. सुरुवातीला पैसे येतही होते. ज्याला आले त्याने मेव्हण्याला आणलं, मेव्हण्याने साहेबांना. 2017 मध्ये बिटकॉइन द्यायचं बंद झालं आणि त्याऐवजी 'एमकॅप' नावाचं त्यांचं स्वतःचंच नाणं हातात ठेवलं, ज्याला बाजारात जवळजवळ किंमत नव्हती. पुण्यात गुन्हे दाखल झाले, नांदेडला झाले, दुसऱ्या राज्यांतही झाले. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला धरलं. जानेवारी 2022 मध्ये तो वारला. ईडीच्या म्हणण्याप्रमाणे आकडा सुमारे 6,600 कोटींचा आहे. पुढे प्रकरण सीबीआयकडे गेलं. 2025 च्या फेब्रुवारीत त्यांनी देशभर साठाहून अधिक ठिकाणी छापे घातले आणि जे क्रिप्टो जप्त झालं ते 23 कोटी 94 लाखांचं. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

याच तपासात एक उपकथानक आहे. पोलिसांनी मदतीला जे सायबर तज्ज्ञ घेतले होते त्यांच्यापैकी दोघांना 2022 मध्ये पुणे पोलिसांनीच अटक केली. जप्त व्हायची नाणी परस्पर वळवल्याचा आरोप. त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी. असो.

या प्रकरणात आम्हाला सर्वांत बोचलेली गोष्ट वेगळीच आहे. 2016 मध्ये एका बिटकॉइनची किंमत साधारण तीस ते साठ हजार रुपयांच्या दरम्यान होती. 2025 च्या जुलैत बिटकॉइन एक लाख वीस हजार डॉलरच्या वर गेलं, म्हणजे आपले कोटीभर रुपये. ज्याने तेव्हा एक नाणं घेऊन गुपचूप स्वतःजवळ ठेवलं, तो त्या जुलैत कोटीचा धनी. ज्याने तेच नाणं, त्याच महिन्यात, त्याच भावाने घेऊन दहा टक्क्यांसाठी दुसऱ्याच्या हवाली केलं, तो वर्षानुवर्षं तक्रारीची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून हिंडतोय. नाणं खोटं नव्हतं. भाव पडला म्हणूनही तो बुडाला नाही, भाव तर शेकडो पट चढला. तरी बुडाला. त्याने गुंतवणूक केलीच नव्हती, त्याने उधारी दिली होती. तीही अशा माणसाला, ज्याला तो कधी भेटला नाही.

उधारी काय असते हे आपल्या गावाला सांगायला नको. इथला यंत्रमागवाला सूत उधार देताना तीन वेळा विचार करतो. घर कुठे, माग किती, मागच्या वर्षी पैसे कधी दिले, भाऊ वेगळा झाला का. महिना-दोन महिन्यांच्या उधारीसाठी इतकी चौकशी. आणि तोच माणूस मोबाईलवरच्या एका ॲपला तीन लाख देतो, कारण ते ॲप शेजारच्या मास्तरांनी सांगितलेलं असतं.

कटू वाटेल, पण हे बोलायलाच हवं. आपल्या समाजात पिढ्यान् पिढ्यांची ओळख आहे. कोणाचे आजोबा तापी मिलमध्ये कोणाच्या आजोबांबरोबर होते हे आपल्याला ठाऊक असतं. ही आपली कमाई, आणि असल्या योजनांचं भांडवलही हेच. कोणी परका येऊन आपल्याला फसवत नाही. परक्याला आपण दारातूनच परत पाठवतो. तो आपल्यातल्याच एकाला आधी पैसे देतो, खरोखर देतो, तीन-चार महिने देतो. मग त्या माणसाला खोटं बोलायची गरज राहत नाही. तो खऱ्या मनाने सांगतो की मला मिळाले. त्याच्या शब्दावर आपण जातो. नंतर सगळं बुडालं की दोन घरांचं बोलणं तुटतं, एका मांडवात दोन्ही घरं येत नाहीत. पैशांपेक्षा हे नुकसान आम्हाला मोठं वाटतं, म्हणून आजचं हे भाषण.

माल कोणताही असला तरी रीत तीच. जळगावच्या बीएचआर पतसंस्थेत आपल्या कितीतरी नातेवाइकांच्या ठेवी अडकल्या, तिथे क्रिप्टोचं नावही नव्हतं. नाशिकच्या केबीसीत नव्हतं. 2025 च्या जानेवारीत मुंबईला दादरच्या टोरेसच्या दुकानापुढे लोकांनी गर्दी केली, तिथे चकाकणारे खडे होते, आणि दर आठवड्याला व्याज. आता दर आठवड्याला व्याज देणारा खडा कोणत्या खाणीत सापडतो, हे सराफ्यात जाऊन कोणालाही विचारता आलं असतं.

पण लोकांना हसण्यात अर्थ नाही. 2025 च्या मार्चमधली गोष्ट आपण सगळ्यांनी पाहिली. 'छावा' सिनेमा आला होता. 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने आपल्या बहादुरपुऱ्यावर घातलेली धाड पडद्यावर दिसली आणि आपली छाती फुगली. त्यात हायवेच्या कामाची माती असीरगडाजवळच्या शेतात पडली होती, तिच्यात सोन्याची नाणी निघाल्याची आवई उठली. रात्र रात्र माणसं टॉर्च घेऊन शेत उकरत होती, काहींकडे मेटल डिटेक्टर होते. शेवटी प्रशासनाला धावावं लागलं. देशभर आपल्या जिल्ह्याची बातमी झाली. त्या खोदणाऱ्यांत लोभी माणसं किती आणि कर्जाने वाकलेली किती, हे आपण गावातले लोक जाणतो. केळीचा भाव पडलेला असतो, मागाला काम नसतं, अशा वेळी शेजारी फावडं घेऊन निघाला तर आपण घरात बसून राहू का? शेत उकरणाऱ्याची निदान रात्रीची झोपच गेली. मोबाईलवर उकरणाऱ्याचं घर जातं.

बरं, मग कोणाच्याही हातात न देता स्वतःच सरळ घेतलं तर? हे विचारणारे तरुण आपल्यात आहेत आणि त्यांचा प्रश्न योग्य आहे. त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. पण ती कशा प्रकारची गुंतवणूक आहे ते समजून घ्या. शेत पीक देतं, घर भाडं देतं, बँक व्याज देते, कंपनी नफा वाटते. बिटकॉइन पडून काही देत नाही. पुढच्या माणसाने जास्त पैसे दिले तरच तुमचा फायदा. सोनंही तसंच, असं कोणी म्हणेल. खरं आहे, पण सोनं निदान सुनेच्या गळ्यात घालता येतं. भावाचं म्हणाल तर 2017 च्या डिसेंबरात ते वीस हजार डॉलरजवळ गेलं आणि वर्षभरात चार हजारांच्या खाली आलं. नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजारांजवळ, पुढच्या नोव्हेंबरात सोळा हजारांच्या आसपास. ज्याला मधल्या काळात मुलीचं लग्न किंवा आईचं ऑपरेशन निघालं, त्याने काय करायचं?

सरकार टॅक्स घेतं म्हणजे मान्यता आहे, असा एक समज पसरलाय. तो चूक आहे. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये ते परिपत्रक रद्द केलं. म्हणजे बंदी नाही. पण बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, इथे तसलं काही नाही. 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे, वर सेस. आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. एका नाण्यात लाख मिळाले, दुसऱ्यात लाख गेले, हातात शून्य, तरी तीस हजार कर भरायचा. वरून प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस. 2024 मध्ये 18 जुलैला आपल्याच देशातल्या 'वझीरएक्स' या एक्सचेंजमधून चोरट्यांनी सुमारे दोन हजार कोटींची नाणी पळवली. ग्राहकांचं खातं गोठलं, वर्ष उलटलं तरी लोक वाट बघत होते. तिथे ग्राहकांनी काही गैर केलं नव्हतं.

तेव्हा ज्याच्याकडे घरखर्च, मुलांची फी, विमा आणि म्हातारपण यांची सोय करून काही उरतं, आणि ते सगळं गेलं तरी ज्याची झोप जात नाही, त्याने हौस म्हणून थोडं घ्यावं. आमची हरकत नाही. नोंदणी असलेल्या ठिकाणी, स्वतःच्या नावावर, कर भरून. पण ग्रॅच्युइटी मोडून, दागिने ठेवून, सोसायटीचं कर्ज काढून नको. आमच्यापैकी 2005 नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे साठीनंतर काय ही भीती आमच्या पोटातही आहे. तिच्यापायीच माणूस घसरतो. पण आमच्या घरचा हिशोब असा : 2025 च्या दराने पीपीएफ 7.1 टक्के, म्हणजे साधारण दहा वर्षांत दुप्पट. ज्येष्ठांच्या पोस्टातल्या योजनेत तेव्हा 8.2. कंटाळवाणं आहे, कबूल.

शासकीय कर्मचाऱ्यांना आणखी एक. आपल्या आचरण नियमांत सट्ट्याला मनाई आहे, हे विसरू नका. आणि दुसऱ्यांना जोडून कमिशन घेणं तर फारच महागात पडतं. हिमाचल प्रदेशात 'कोर्व्हियो कॉइन' वगैरे नावांनी मोठी फसवणूक झाली, त्यात पोलीस खात्यातली माणसंसुद्धा सापडली. काही स्वतः बुडाली, आणि काहींना 2023 मध्ये अटक झाली. वर्दी पाहून लोकांनी विश्वास टाकला होता.

आता सध्या काय चाललंय ते सांगतो. टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये घेतात. ग्रुपमधले नव्वद जण 'आज मला इतके मिळाले' म्हणतात, ते बहुधा एकाच टोळीचे असतात. मग एक ॲप डाउनलोड करायला लावतात, ते प्ले स्टोअरवर नसतं, लिंकने येतं. त्यात तुमचे पन्नास हजार रोज वाढताना दिसतात. तो आकडा म्हणजे नुसतं चित्र आहे. सुरुवातीला दोन-तीन हजार काढू देतात, म्हणून 'मी काढून बघितले' हा पुरावा धरू नका. मोठी रक्कम काढायला गेलात की म्हणतात, आधी टॅक्स भरा. इथेच ओळखा. खरा टॅक्स नफ्यातून कापला जातो किंवा तुम्ही आयकर खात्याला भरता, कोणाच्या तरी यूपीआयवर नाही.

पैसे गेले असतील तर लाजेने गप्प बसू नका. 1930 या क्रमांकावर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे मधल्या खात्यात अडवता येतात, दुसऱ्या दिवशी कठीण. स्क्रीनशॉट, यूटीआर क्रमांक, चॅट काही पुसू नका, राग आला तरी. आणि महिन्याभराने कोणी फोन करून म्हणेल, 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फी पाच हजार', तर तो त्याच टोळीतला किंवा तिच्याकडून तुमचा नंबर विकत घेतलेला समजा.

शेवटी एक सोय सांगतो. उत्सवाच्या दहाही दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर आमच्यापैकी दोघे मंडपामागच्या खोलीत बसतील. ज्यांच्या मोबाईलमध्ये असलं ॲप आहे, किंवा मुलाच्या मोबाईलमध्ये असल्याची शंका आहे, त्यांनी फोन घेऊन यावं. तक्रार लिहायची असेल तर आम्ही लिहून देऊ. दार लोटलेलं असेल, आणि आत झालेलं बोलणं आमच्या घरीसुद्धा कळणार नाही.